मागच्या वर्षीचं धरून

अण्णा, गेलं वर्षभर मी तुमच्या मुलावर पाळत ठेवली, आणि त्यासाठी मला उरुग्वेची फुटबॉल लीग बघावी लागली. असा काही देश आहे हेच तुम्हाला आधी पटलं नसतं. तुम्ही नकाशा मागवला असतात, चष्मा पुसला असतात आणि मग विचारलं असतंत की एवढ्या लांबच्या खेळाशी आपल्या माणसाचा संबंध काय. मलाही नेमका हाच प्रश्न पडला होता. इथे मस्कतमध्ये फुटबॉल बघणारे पुष्कळ आहेत, पण ते युरोपातले मोठे क्लब बघतात आणि त्यांच्या जर्सी घालून मॉलमध्ये फिरतात. उरुग्वेच्या पहिल्या फळीतला एक किरकोळ क्लब, ज्याचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही, ज्याच्या मैदानाच्या एका बाजूला पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूला नुसती भिंत, आणि भिंतीपलीकडे कुणाचे तरी कपडे वाळत घातलेले दिसतात, तो क्लब फेब्रुवारीपासून थेट वर्ष संपत येईपर्यंत कोण बघतं? मला एकच उत्तर सुचत होतं. जुगारी बघतो.

कारण तुम्ही गेल्यावर तुमचा मुलगा जुगारीच झाला होता. पत्त्यांचा नाही, फोनवरचा. जगात कुठे ना कुठे मॅच चालू असतेच, आणि त्याला कुठलीही चालायची. त्याची मुलगी तापाने फणफणून दवाखान्यात सलाइनवर होती, तेव्हा हा बाहेरच्या बाकावर फोनमध्ये डोकं घालून बसला होता. नर्स नाव घेऊन हाका मारत होती, त्या त्याला ऐकू आल्या नाहीत. मुलीला घरी सोडलं त्या दिवशी तुमची सून तिला घेऊन तडक माहेरी गेली. मग मी आणि ह्यांनी खटपट करून त्याला इकडे ओमानला आणलं आणि मस्कतहून लांब, दुक्मच्या बंदरात रिगर म्हणून चिकटवलं. क्रेनला माल बांधायचा आणि हाताने वर-खाली खुणा करायच्या, असं ते काम. तुम्ही त्याला आयुष्यात कधी किल्ली दिली नाहीत, आणि आता त्याच्या एका खुणेवर एवढाले लोखंडाचे तुकडे हवेत लटकतात. जानेवारीत तुमच्या सुनेचा मला फोन आला. ती म्हणाली, "ताई, मी त्यांना काही विचारणार नाही. ते सांगतील ते मला पटायचं नाही. तुम्ही वर्षभर बघा आणि मला सांगा. तुम्ही हो म्हणालात तर पोरीला घेऊन आपल्या घरी परत येते. नाहीतर कागद करून मोकळे होऊ." आणि हे त्यांना कळू देऊ नका, असंही तिने बजावलं. एवढी मोठी गोष्ट तिने माझ्यावर का सोडली, असं विचारल्यावर ती म्हणाली, तुम्ही चेकरची मुलगी आहात.

आहेच. तुम्ही एसटीत तपासनीस होतात आणि घरातही ड्युटीवरच असायचात. गाडी घाट चढू लागली की मधल्याच एखाद्या थांब्यावर तुम्ही हात दाखवून चढायचात. लगेच कुणाला तिकीट विचारायचं नाही. आधी दाराशी उभं राहून सगळ्यांवर शांतपणे एक नजर फिरवायची. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो आधी खिडकीबाहेर बघतो, हे तुम्ही मला भाकरी मोडता मोडता शिकवलं होतंत. इतर मुलींच्या वडिलांनी त्यांना पाढे शिकवले, तुम्ही मला हे शिकवलंत. आणि ते फार उपयोगी पडलं हेही कबूल करते. मी इथल्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. बीकर कुणी फोडला हे मला अजूनही खिडकीकडे वळलेल्या मानेवरून कळतं. मुलं इंग्रजीत एकमेकांना विचारतात, हिला कसं कळतं? मी सांगत नाही.

पण ज्याच्यावर हे पहिल्यांदा वापरलंत तो तुमचाच मुलगा होता. शाळा सुटल्यावरची गाडी, आम्ही दोघं त्यात, मी मागच्या बाकावर आणि तो पुढे कंडक्टरजवळ. तुम्ही चढता. दाराशी उभे राहता. मला तुमचा खाकी शर्ट दिसतो आणि आनंद होतो, कारण घराबाहेर तुम्ही मला नेहमीच जास्त आवडायचात. तुमची नजर फिरत फिरत त्याच्यावर येते आणि तो खिडकीबाहेर बघतो. त्याच्याकडे तिकीट नाही. तुम्ही आवाज चढवला नाहीत, हात उगारला नाहीत. घंटीची दोरी ओढलीत आणि सगळ्या गाडीदेखत म्हणालात, "फुकट्यांनी उतरायचं." तो वळणावर उतरला. गाडी सुटली. मग तुम्ही माझ्यापर्यंत आलात आणि माझं तिकीटही उलटसुलट करून बघितलंत. तो अंधार पडता पडता चालत घरी आला. तुम्ही त्या विषयावर अवाक्षरही काढलं नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून त्याचं दप्तर तपासायला लागलात. पुढे घरात काहीही हरवलं की आधी त्याचे खिसे उलटे व्हायचे, आणि वस्तू फडताळामागे सापडली तरी ते खिसे कुणी सरळ करून द्यायचं नाही. अगदी शेवटी, आवाज पुरता बसला होता तेव्हाही, तुम्ही मला जवळ बोलावून सांगितलंत की त्याची हमी कधी घेऊ नकोस. नंतर तो फोनच्या नादी लागला आणि तुम्ही बरोबर ठरलात. तुम्ही बरोबर ठरलात याचा मला किती राग आला, ते सांगायला तुम्ही नव्हतात.

तर त्याच्यावर मी लक्ष ठेवू लागले. महिन्यातून एकदा तो दुक्महून कंपनीच्या बसने आमच्याकडे मस्कतला, मदिनत सुलतान काबूस वस्तीत यायचा आणि शनिवारी रात्रीच्या बसने परत जायचा. तो यायचा असला की मी बेडरूमच्या कपाटाला कुलूप घालायचे. तुम्ही मला लग्नानंतर इकडे निघताना दिलेलं तेच पितळी कुलूप. बाकीच्यांनी साड्या दिल्या, तुम्ही बॅगेसाठी कुलूप दिलंत, आणि दोन किल्ल्यांपैकी एक आपल्या जुडग्यात ठेवून घेतलीत. तू हरवशील, म्हणालात. बॅग मस्कतला आणि किल्ली रत्नागिरी जिल्ह्यात, याचा काय उपयोग होता अण्णा? तुमचा माझ्यावरही भरवसा नव्हता, असं मला अजून वाटतं. ते कुलूप खाऱ्या हवेने कुरकुरायला लागलं होतं. एप्रिलमध्ये तो येऊन गेल्यावर मी किल्ली फिरवली तर अगदी अलगद उघडलं. सगळं कपाट पलंगावर काढलं, घडी न् घडी उलगडली. काही म्हणजे काही गेलेलं नव्हतं. फोन करून सरळ विचारलं तर म्हणाला, "आवाज करीत होता गो ताई, म्हणून तेल सोडलंय. आमच्याकडे साइटवर चांगला तेल असता." घरात आपल्यासाठी कुलूप लागतं हे त्याला ठाऊक होतं आणि त्याने त्याच कुलपाला तेल घातलं. ह्यात चांगुलपणा होता की टोमणा, यावर मी दोन दिवस घालवले.

शनिवारी संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला तिकडे सकाळ असते आणि त्या क्लबच्या मॅच बऱ्याचदा सकाळीच असायच्या. तो जेवण झालं की थोडा पडायचा, उठून चहा घ्यायचा आणि हॉलमधल्या टीव्हीला फोन जोडून बसायचा. मी भाजी निवडायच्या निमित्ताने बाजूला बसायचे आणि त्याचा अंगठा बघायचे. त्याचा फोन त्या सबंध वेळात टीव्हीखाली पालथा पडलेला असायचा. मला वाटायचं, दुसरा असेल. मी माझ्या मुलीला विचारलं की टीव्हीवर बघता बघता दुसरीकडून लावता येतं का. ती पंधरा वर्षांची आहे, तिचं मराठी अडखळत चालतं. ती म्हणाली, "आई, मामा बेटिंग नाही करत. ही इज जस्ट वॉचिंग." मी म्हटलं, नुसतं कोण बघतं? ती खांदे उडवून आत गेली, आणि मला तिचाही संशय आला की मामाने हिला काहीतरी कबूल करून ठेवलंय.

बघता बघता मला ते मैदान ओळखीचं झालं. पायऱ्यांवर बसलेल्या माणसांच्या बगलेत थर्मास असतो आणि कसल्याशा पाल्याच्या चहाचा एकच भोपळ्यासारखा पेला हातोहात फिरतो. सगळे त्याच एका नळीने पितात, याची मला आधी किळस आली आणि मग हेवा वाटला. त्यांच्या लीगचा वर्षातला पहिला टप्पा उघडण्याचा म्हणतात आणि शेवटचा मिटण्याचा. पहिल्या टप्प्यात आमचा क्लब बऱ्यापैकी खेळला. आमचा म्हणाले बघा. त्यांचा गोलकीपर प्रत्येक किकच्या आधी हातमोज्याचा पट्टा दातांनी ओढायचा. त्यांचा डावीकडचा बॅक इतका म्हातारा होता की धावून आल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, आणि भाऊ हळूच म्हणायचा, बस हो काका जरा. जिंकले तर तो ओरडायचा नाही आणि हरले तर आदळआपट नाही. तेच मला खटकायचं. आपलं काही गुंतलेलं नसताना माणूस इतका मन लावून कसा बघेल?

ऑक्टोबरमध्ये मी त्याला पकडला, निदान मला तसं वाटलं. तो आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. सुरमईचा तुकडा ताटात तसाच. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "काय नाय. टीम खाली जाणार बहुतेक." खाली म्हणजे दुसऱ्या फळीत. मी मुलीच्या लॅपटॉपवर लीगचा तक्ता काढायला लावला. वर्षाच्या शेवटी खालचे तीन क्लब जातात, एवढं मला कळलं होतं. आमचा क्लब मध्यावर होता. त्याच्या खाली तीनच काय, चांगले पुष्कळ होते. म्हणजे खाली जायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे हा खोटं बोलत होता, आणि चेहरा दुसऱ्याच कारणाने उतरला होता. अण्णा, मला लाज वाटायला हवी होती, पण मला बरं वाटलं. तिकीट नसलेला माणूस सापडल्यावर तुम्हाला वाटत असेल तसं. मी गॅस बंद केला, त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. म्हटलं, तक्ता बघितलाय मी. तुझी टीम मध्यावर आहे. आता खरं सांग, कशावर लावलंयस?

तो माझ्याकडेच बघत होता. ओट्यामागे खिडकी आहे, तिच्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही, हे मला तेव्हा लक्षात आलं नाही. म्हणाला, "ताई, तू बघितलास तो तक्ता ह्या वर्षाचा. खाली कोण जाणार ता त्याच्यावर ठरत नाय. तिथे मागच्या वर्षीचा पण धरतात." मग त्याने मला नीट समजावलं. गेल्या वर्षीचे आणि या वर्षीचे गुण एकत्र करतात, खेळलेल्या मॅचनी भागतात आणि त्या सरासरीत जे तळाला असतील ते जातात. आमचा क्लब गेल्या वर्षी वाईट खेळला होता. त्यामुळे या वर्षी कितीही बरं खेळला तरी ते ओझं प्रत्येक मॅचला पाठीवर. आणि जे नुकतेच दुसऱ्या फळीतून वर आलेत त्यांना मागचं काही नाही, त्यांचं फक्त हेच वर्ष धरतात. मी म्हटलं, हा कुठला न्याय? तो म्हणाला, "न्याय-बियाय माहीत नाय. नियम आहे." मी पुन्हा लॅपटॉपवर जाऊन पडताळून बघितलं. नियम तसाच होता.

परत आले तर तो माझी तव्यावर राहिलेली सुरमई परतत होता. मी विचारलं, एवढ्या क्लबांत हाच का? त्याने तुकडा उलटला. मग पाठमोराच म्हणाला, "दवाखान्यात हीच मॅच होती." मला आधी कळलं नाही. पोर सलाइनवर होती त्या दिवशी त्याने ह्याच क्लबवर लावलं होतं. "नव्वद मिनिटं समोर चालू होती ताई, आणि मला एक माणूस दिसला नाय. नुसता आकडा दिसत होता. तो वर जातो काय खाली जातो. आत पोर होती, ती पण दिसली नाय." इकडे आल्यावर त्याने ठरवलं की हीच टीम बघायची, काही न लावता, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत, आणि आपल्याला माणसं दिसतात का ते बघायचं. गोलकीपरचे दात दिसले तेव्हा बरं वाटलं, म्हणाला.

जुगाऱ्याच्या गोष्टी नेहमी चांगल्याच असतात, हे मला माहीत आहे. दवाखान्याबद्दलही त्याने तेव्हा एक चांगली गोष्ट सांगितली होती, नेटवर्क नव्हतं म्हणून बाहेर बसलो वगैरे. तशीच त्याने ऑक्टोबरात, त्या सुरमईच्या दिवशी, एसटीचीही सांगितली. म्हणे तिकिटाचे सुटे पैसे त्याच्या मुठीत होते, पण साहेबांच्या मुलाकडून कसे घ्यायचे म्हणून कंडक्टर घेतच नव्हता. तुम्ही चढलात तेव्हा कंडक्टरची नोकरी जाईल म्हणून तो बोलला नाही आणि खिडकीबाहेर बघत बसला. मी म्हटलं, मग इतकी वर्षं गप्प का? तर म्हणाला, "अण्णांनी विचारलाच नाय." हे खरं की त्याने मनाशी घोळवून तयार केलेलं, मला सांगता येणार नाही. पण मला त्या दिवसाचं सगळं आठवतं, तुमच्या शर्टाची घडीसुद्धा, आणि तुम्ही त्याला काही विचारल्याचं आठवत नाही. अण्णा, घंटीची दोरी ओढायच्या आधी एक प्रश्न विचारायला तुम्हाला किती वेळ लागला असता?

शेवटची मॅच होती त्या आठवड्यात तो सुट्टी जुळवून आला. जिंकले तर सरासरीत जेमतेम वर राहत होते, नाहीतर खाली. तुमच्या सुनेला उत्तर द्यायची वेळही आली होती. वर्ष संपत आलं होतं आणि तिने दोनदा नुसतेच मिस्ड कॉल दिले होते. मी भाजी न घेता सरळ सोफ्यावर बसले. मुलगी बसली, हेसुद्धा बसले. भावाचा फोन टीव्हीखाली पालथा. म्हातारा बॅक पहिल्यापासून खेळत होता. आमचा गोल झाला तेव्हा मी उभी राहिले आणि माझ्या हातातला चहा गालिच्यावर सांडला. मग त्यांचा झाला. शेवटची दहा मिनिटं चेंडू नुसता त्यांच्या गोलासमोर नाचत होता आणि आत जात नव्हता. माझे हात गार पडले होते. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, पाणी देऊ काय?" बरोबरीत सुटली. भिंतीपलीकडचे कपडे तसेच हलत होते आणि पायऱ्यांवरची माणसं थर्मास बगलेत धरून उभी होती. यावर्षी आमच्यापेक्षा कमी गुण मिळवलेला एक नवा क्लब वर राहिला आणि आमचा गेला. मुलीने विचारलं, मामा, आता पुढच्या वर्षी काय? त्याने टीव्हीची वायर गुंडाळत सांगितलं, "खालच्या फळीत खेळणार. तिथून वर आले की मग मागचा धरीत नाय. खलास." आणि उठून गालिचा पुसायला फडकं आणलं.

हे त्याने तिला सांगितलं की मला, याचा मी अजून विचार करते. सुनेने मला काय विचारलंय हे त्याला कुठून तरी कळलं असेल का? माझ्या मुलीने फोनवरचं ऐकून सांगितलं असेल का? कळलं असेल तर मग वर्षभर त्याने जे केलं ते सगळं माझ्यासाठीच केलेलं असेल, तेलसुद्धा. त्याला बसवर सोडून आले, कपाटाचं कुलूप काढलं, परत घातलं.

आणि आता तुम्हाला सांगायचं ते सांगते. मॅच सुरू होण्याआधी मी मनाशी ठरवलं होतं की हे वर राहिले तर तिला हो म्हणायचं आणि गेले तर नाही. वर्षभर पाळत ठेवूनही मला निकाल लावता येत नव्हता, म्हणून मी तो अकरा परक्या माणसांवर टाकला. त्या खोलीत काही न लावता बसलेला एक तो होता. लावलेलं फक्त मी होतं, आणि तेही त्याचं सगळं घर. हात माझे गार पडले होते, त्याचे नाही. ते खाली गेले, म्हणजे नाही म्हणायचं ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला आणि तुमच्या सुनेला फोन लावून सांगितलं, हो. पोरीला घेऊन घरी जा. मी हमी घेते.

तिने हळूच विचारलं, "नक्की ना, ताई?" मी म्हटलं, नक्की. आवाज अगदी स्वच्छ निघाला, तिला काही जाणवलं नाही. फोनवर होते म्हणून निभावलं. तुम्ही त्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे असतात तर तुम्हाला लगेच कळलं असतं, अण्णा. मी खिडकीबाहेर बघत होते.